कंटेनरमध्ये न मावलेल्या गोष्टी

कंटेनर म्हणजे एखादा प्रोग्राम आणि त्याला लागणारे सगळे सामान एकत्र बांधून इतरांपासून वेगळे चालवायची संगणकातली पेटी. तिचे माहात्म्य सांगणारे लोक एक वाक्य हटकून सांगतात: आत जे चालते, ते कुठेही तसेच चालते. ‘कुठेही’ म्हणताना त्यांनी देवगड तालुक्यातला जुलै महिना विचारात घेतला नसावा.

मला रेडॉक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर हौसेने काम करायचे होते. जेरेमी सोलर यांनी २०१५ साली सुरू केलेली ही मुक्तस्रोत प्रणाली रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिली जाते, तिचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, अगदी आटोपशीर आहे आणि यंत्राचे भाग चालवणारे ड्रायव्हर त्या कर्नलच्या बाहेर साध्या प्रोग्रामांसारखे चालतात. मूळ कोडमधून ती बांधण्यासाठी लागणाऱ्या अवजारांची यादी लग्नाच्या याद्यांना लाजवील अशी असल्यामुळे प्रकल्पाने पॉडमन या कंटेनर चालवणाऱ्या प्रोग्रामची सोय केलेली आहे. डेबियन या लिनक्स प्रणालीवर बेतलेली एक इमेज, म्हणजे कंटेनरचा साचा, तयार होते, सगळी अवजारे तिच्यात बसतात आणि आपल्या यंत्रावर जुजबी सामान असले की भागते. मग ‘मेक ऑल’ ही आज्ञा लिहायची, चहा घ्यायचा आणि ‘मेक क्यूईएमयू’ लिहून आपली प्रणाली आभासी यंत्रात सुरू झालेली पाहायची.

यातला चहा तेवढा ठरल्याप्रमाणे झाला.

आमच्या वाडीत इंटरनेट माडावरून माडावर टांगलेल्या केबलने येते. इमेज बांधताना प्रत्येक पायरी पूर्ण झाली की तिचा थर साठवला जातो, ही व्यवस्था फार शहाणपणाची आहे. परंतु पायरी अर्धवट राहिली, तर ती पुन्हा पहिल्यापासून करावी लागते, आणि शेकडो पॅकेजे उतरवणारी पायरी नेमकी एकच आणि अवाढव्य असते. ती संपत आली की एखादी झावळ केबलवर पडे. तक्रार करायची, तर फोनला रेंज सड्यावर. म्हणून छत्री घेऊन पाखाडीने वर जायचे आणि केबलवाल्याचे उत्तर ऐकून खाली यायचे. “चुडत पडला मरे. पाऊस कमी झालो काय येतंय,” असे तो अत्यंत प्रेमाने सांगे. पाऊस कमी कधी होणार, हे त्याच्या अखत्यारीत नव्हते.

केबल टिकली त्या दिवशी वीज गेली. वीज परत आल्यावर पॉडमनला आपली इमेज आठवत होती, पण तिचा एक थर कुठे गेला ते आठवत नव्हते. ‘लेयर नॉट नोन’ एवढे बोलून तो गप्प बसला. शेवटी ‘पॉडमन सिस्टम रीसेट’ केले, म्हणजे उतरवलेले होते नव्हते ते सगळे पुसून टाकले. शिवाय मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी खाऱ्या हवेने हिरवी पडली होती, त्यामुळे वीज गेली की यंत्राचे घड्याळही मागे जाई. कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतो, तो यजमान यंत्राचाच वापरतो. घड्याळही त्यातच आले. परिणामी डेबियनचे पॅकेजे उतरवणारे ॲप्ट मला कळवू लागले की ही फाइल अजून वैध झालेली नाही, आणखी इतक्या दिवसांनी होईल. सरकारी कचेरीबाहेर हा सूर मी प्रथमच ऐकला.

मालकीचा प्रश्न मात्र मला लगेच समजला, कारण मी कोकणात वाढलो आहे. पॉडमन रूटच्या, म्हणजे यंत्राच्या मुख्य कारभाऱ्याच्या, अधिकाराशिवाय चालतो, त्यासाठी ‘एटीसी’ निर्देशिकेतल्या ‘सबयूआयडी’ फाइलमध्ये आपल्या नावापुढे दोन आकडे असतात: १००००० आणि ६५५३६. म्हणजे एक लाखापासून पुढचे पासष्ट हजारांहून अधिक क्रमांक माझ्या नावाखाली वावरू शकतात. अनेकांची नावे असलेला आमच्या फणसाच्या सातबाऱ्याचा उतारा डोळ्यांसमोर आणला, की हे कोडे सुटते. कंटेनरमध्ये मी रूट, सर्वाधिकारी. बाहेर आलो की साधा वापरकर्ता. आतला १००० क्रमांकाचा वापरकर्ता बाहेर १००९९९ म्हणून उभा राहतो. रेडॉक्सच्या बांधणीत हा घोळ टाळण्यासाठी आत-बाहेर आपला क्रमांक एकच ठेवणारा ‘कीप-आयडी’ हा पर्याय आधीच घातलेला आहे. त्याविना चालवलेल्या माझ्या जुन्या एका कंटेनरने मात्र माझ्याच फोल्डरमध्ये, माझ्याच डिस्कवर अशी फाइल करून ठेवली होती, जी मला वाचता येई, पण तिच्यात एक अक्षर बदलता येत नसे. मालक १००९९९ म्हणे. हे गृहस्थ कधी गावी आले नाहीत, त्यांनी घरपट्टी भरली नाही, तरी त्यांच्या सहीवाचून पान हलत नाही, हा अनुभव आमच्याकडे पिढीजात आहे. ‘पॉडमन अनशेअर’ ही आज्ञा वापरली की आपण त्यांच्या वतीने सही करू शकतो. तलाठी कार्यालयात अशी आज्ञा असती, तर फणस केव्हाच आमचा झाला असता.

अखेर एका कोरड्या दुपारी बांधणी तडीस गेली आणि क्यूईएमयूच्या खिडकीत रेडॉक्स उभी राहिली. लॉगिनचे नाव ‘यूजर’ आणि पासवर्ड काहीच नाही, फक्त एंटर दाबायचे. आई चष्मा सावरून मागे उभी होती. “ह्येका पासवर्ड नाय? मगे कोणय शिरतलो,” ती म्हणाली. रूटचा पासवर्ड ‘पासवर्ड’ हाच आहे, हे मी तिला सांगितले नाही.

प्रकल्पाने अवजारे बदलली की ही इमेज पुन्हा नव्याने बांधावी लागते. ते काम भाद्रपदापूर्वी उरकायचे आहे, कारण गणपतीला चाकरमानी उतरले, की वाडीतला प्रत्येक मोबाइल त्याच केबलवर आरतीचे व्हिडिओ चढवू लागतो.