बंद पडलेल्या घड्याळात खोबरेल तेल घालू नये

गेल्या पावसाळ्यापासून दापोली-हर्णै परिसरातल्या माझ्या ओळखीच्या जवळपास प्रत्येकाच्या मोबाइलवर एक संदेश येऊन गेला आहे. त्यात म्हटले आहे की चावीचे मनगटी घड्याळ अचानक बंद पडते ते जास्त चावी दिल्यामुळे. मागचे झाकण काढून खोबरेल तेलाचा एक थेंब सोडला आणि सांडलेले तेल स्पिरिटने पुसले की ते सुरू होते. हलवल्यावर चालू झाले तर त्यात दोष नाही असे समजावे. पाणी शिरले असल्यास दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवावे. सतरा खड्यांच्या (म्हणजे चाकांच्या आसांची टोके फिरण्यासाठी वगैरे बसवलेल्या कठीण खड्यांच्या) घड्याळाला सर्व्हिसिंग लागतच नाही, कारण खडे झिजत नाहीत. आणि एवढ्यानेही भागले नाही, तर समुद्राच्या खाऱ्या हवेत अशी घड्याळे टिकत नाहीत हे मान्य करून सेलवर (बॅटरीवर) चालणारे घड्याळ घ्यावे. मला हा संदेश चौघांनी पाठवला, त्यांतल्या दोघांनी तेल घालून झाल्यावर. कोकणातल्या घराघरांत निवृत्त शिक्षकांची, तांडेलांची, मुंबईच्या गिरणीत आयुष्य काढलेल्या आजोबांची घड्याळे अजून कपाटात आहेत आणि त्यांतली पुष्कळशी एचएमटीची आहेत. बंगळुरूचा तो घड्याळांचा कारखाना १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने उभा राहिला आणि २०१६ साली हा उद्योग बंद करण्याचा निर्णय झाला. अशा घड्याळाचा एखादा भाग घरच्या प्रयोगात बिघडला, तर त्याचा जोड जुन्या घड्याळांतूनच शोधावा लागतो. म्हणून हा संदेश हसण्यावारी नेता येत नाही.

जास्त चावीची समजूत या संदेशाहून कितीतरी जुनी आहे. घड्याळ थांबते, माणूस चावी फिरवून पाहतो, ती फिरत नाही, कारण आतली मेनस्प्रिंग पूर्ण गुंडाळलेली असते. मग सारा दोष चावीच्या माथी बसतो. प्रत्यक्षात हाताने चावी द्यायच्या घड्याळात स्प्रिंग पूर्ण गुंडाळली गेली की चावी आपोआप घट्ट लागते आणि रोज तिथपर्यंत चावी देणे हाच त्याचा योग्य वापर आहे. त्यापुढे बळ लावून रेटले तर नुकसान होऊ शकते, पण तो दोष रेटण्याचा आहे. ऑटोमॅटिक घड्याळात तर स्प्रिंगचे बाहेरचे टोक डबीच्या आतल्या भिंतीवर घसरेल असेच बसवलेले असते, त्यामुळे तिथे जास्त चावी होण्याचा प्रश्नच येत नाही. पूर्ण चावी असताना घड्याळ थांबले, तर त्याचा अर्थ स्प्रिंगमध्ये जोर आहे पण तो चाकांमधून बॅलन्सपर्यंत, म्हणजे पुढे-मागे झोके घेणाऱ्या चाकापर्यंत, पोचत नाही. वाटेत वाळलेले तेल, धूळ, गंज किंवा मोडका दात आहे. याउलट चावी कितीही फिरवली तरी घट्टच होत नसेल आणि घड्याळ ऑटोमॅटिक नसेल, तर स्प्रिंग तुटलेली असण्याचा संभव मोठा. बोटाला जे जाणवले ते घड्याळजीला नीट सांगितले, तर त्याचा बराच वेळ वाचतो.

खोबरेल तेलाचा सल्ला या संदेशातला सर्वांत घातक भाग आहे आणि तो सर्वांना पटतोही, कारण आपल्याकडे कुरकुरणाऱ्या बिजागरीपासून दुखणाऱ्या गुडघ्यापर्यंत सगळ्यावर तोच उपाय चालतो. घड्याळात तेल लागते हे खरे आहे. पण ते एकाच जातीचे लागत नाही आणि सगळीकडे लागत नाही. वेगाने हलणाऱ्या बॅलन्सच्या आसाच्या टोकांना पातळ तेल, स्प्रिंगच्या डबीकडच्या सावकाश फिरणाऱ्या भागांना दाट तेल, चावीच्या भागांना ग्रीस, आणि पॅलेटच्या, म्हणजे चाकांना ठोक्याठोक्याने अडवून सोडणाऱ्या भागाच्या, आसाच्या टोकांना सहसा काहीच नाही, अशी ती वाटणी असते. ज्या खड्यात असे टोक फिरते त्याला सहसा एक बारीक वाटी कोरलेली असते आणि सुईच्या टोकाने ठेवलेला तेलाचा कण केशाकर्षणामुळे तिथेच धरून राहतो. वरून थेंब सोडला की तेलाचे प्रमाण त्या वाटीच्या धारणेबाहेर जाते, ते पट्ट्यांवर पसरते आणि जाताना मूळचे तेलही ओढून नेते. म्हणजे तेल घातल्यामुळेच टोके कोरडी पडतात. हेच तेल बॅलन्सच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, म्हणजे हेअरस्प्रिंगला, लागले की तिचे वेटोळे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते आणि घड्याळ तासाला काही मिनिटे पुढे पळू लागते. 'तेल घातल्यावर आधीपेक्षा जोरात चालते' असे ज्यांनी मला कळवले, त्यांनी नेमके हेच पाहिले होते.

त्यातही खोबरेल तेल चोवीस-पंचवीस अंश सेल्सिअसच्या खाली थिजते. दापोलीतल्या थंडीत सकाळी डोक्याला तेल लावायला बाटली उन्हात ठेवावी लागते हे येथे कोणाला सांगायला नको. रात्री मेजावर काढून ठेवलेल्या घड्याळात तेच तेल असेल, तर काय होईल याचा अंदाज करता येतो. आणि तेल पितळेवर साचून राहिले की काय होते हे पाहण्यासाठी घड्याळ उघडण्याचीही गरज नाही, महिनाभर न घासलेल्या समईचा तळ पाहावा. तो हिरवट चिकट थर घड्याळाच्या पितळी चाकांवरही चढतो.

स्पिरिटने पुसण्याविषयी एवढेच सांगतो, की पॅलेटचे दोन खडे आणि बॅलन्सचा एक खडा लाखेने, म्हणजे चपड्याने चिकटवलेले असतात, आणि चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो हे दारांना पॉलिश करणाऱ्या प्रत्येक सुताराला माहीत आहे. तेल घातलेल्या त्या दोन घड्याळांपैकी एक पूर्ण खोलून धुतल्यावर सुधारले. दुसऱ्याची हेअरस्प्रिंग घरी कापसाने पुसताना वाकली, आणि ते घड्याळ जोडाची वाट पाहत पडून आहे.

हलवल्यावर चालू होणे हे निर्दोषतेचे लक्षण मानणे चुकीचे आहे. हलवण्याने बॅलन्सला बाहेरून धक्का मिळतो. तो ओसरल्यावर घड्याळ पुन्हा थांबत असेल, तर आतून येणारा जोर अपुरा आहे हेच सिद्ध होते. चांगल्या स्थितीतल्या घड्याळाचा बॅलन्स पूर्ण चावीवर साधारण २७० ते ३०० अंशांचा झोका घेतो आणि तो दोनशेच्या खाली गेला, की खोलून साफ करण्याची वेळ झालेली असते. हलवण्याऐवजी दोन-तीन दिवस नोंद ठेवणे अधिक उपयोगाचे आहे. घड्याळ दर वेळी एकाच वेळेच्या आसपास थांबते का, हे पाहावे. तसे असेल तर काटे एकमेकांना किंवा काचेला घासत असतील, आणि मध्यरात्रीच्या सुमारास थांबत असेल तर तारीख बदलण्याचा भार पेलत नसेल. काच वर असताना चालते आणि उभे ठेवल्यावर थांबते का, हेही पाहावे. ऑटोमॅटिक घड्याळ वापरणारा माणूस निवृत्त होऊन दिवसभर पडवीत बसू लागला असेल, तर कदाचित काहीच बिघडलेले नसते. हाताची हालचाल कमी झाल्याने स्प्रिंग पुरेशी भरत नाही, इतकेच.

तांदळाचा उपाय २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या महापुरानंतरही पुष्कळांनी केला होता. बंद झाकणातले पाणी तांदूळ ओढून घेत नाहीत, आणि आषाढात आपल्या डब्यातले तांदूळ स्वतःच सर्दावलेले असतात. पाणी खारे असेल तर ते वाळल्यावरही मीठ आत राहते आणि हवेतला ओलावा धरून पोलाद खात राहते. त्याच दिवशी घड्याळ उघडून घेणे हाच उपाय आहे. दोन दिवसांत चावीची दांडी गंजायला लागलेली असू शकते.

खडे झिजत नाहीत, हे विधान खरे आहे. ते कृत्रिम माणकाचे असतात आणि कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल बसतात. पण त्या खड्यांत फिरणारी टोके पोलादाची असतात आणि वाळलेल्या तेलात मिसळलेली धूळ त्यांना कानशीसारखी घासते. खडा शाबूत राहतो, टोक झिजते. एचएमटीच्या साध्या चावीच्या घड्याळात तासाला १८,००० ठोके पडतात, म्हणजे दिवसाला ४,३२,००० आणि वर्षाला पंधरा कोटींहून अधिक. इतके चालणाऱ्या यंत्राला पाच-सात वर्षांनी खोलून, धुऊन, नव्याने तेल देण्याला अनावश्यक म्हणणे मला पटत नाही. मात्र सर्व्हिसिंगच्या नावाखाली फसवणूक होते, ही तक्रार मी नाकारत नाही. माझेच घड्याळ एका दुकानातून पट्टा चकचकीत होऊन आणि आतली धूळ जशीच्या तशी घेऊन परत आले होते. म्हणून काम देतानाच यंत्र पूर्ण खोलणार का, हे विचारावे, आणि परत घेताना वेगवेगळ्या स्थितींतली गती मशीनवर दाखवायला सांगावी. प्रामाणिक घड्याळजीला या प्रश्नांचा राग येत नाही.

राहिली खारी हवा. यांत्रिक घड्याळाला समुद्र मानवत नाही, असे म्हणणाऱ्यांनी इंग्लंडच्या जॉन हॅरिसनने समुद्रप्रवासासाठी बनवलेले एच-४ हे यांत्रिक घड्याळ आठवावे. ते १७६१ च्या नोव्हेंबरात इंग्लंडहून जहाजावर निघाले आणि १७६२ च्या जानेवारीत जमैकाला पोचले, तेव्हा त्याच्या नेहमीच्या गतीचा हिशेब करून चूक सुमारे पाच सेकंदांची निघाली. अर्थात ते मनगटावर घामात भिजत नव्हते. आपल्याकडे घड्याळाला त्रास होतो तो चावीच्या आणि झाकणाच्या रबरी वायसरातून. ते कडक झाले की घाम आणि दमट हवा आत शिरते, आणि जुन्या साध्या घड्याळांत हे संरक्षण मुळातच तुटपुंजे असते. पण सेलच्या घड्याळाची केसही अशाच रबरावर बंद असते, आणि आत ओल शिरली तर त्याची केसाहून बारीक तांब्याची तार व सेलचे टोक तितक्याच लवकर खराब होते. सर्व्हिसिंगच्या वेळी ही रबरे बदलून घ्यावीत आणि मासळी धुताना, होडी ओढताना जुने घड्याळ हातातून काढून ठेवावे. चावी फिरवताना खरखर जाणवू लागली, तर घड्याळ अजून चालू असतानाच घड्याळजीकडे न्यावे, कारण गंज बहुतेक वेळा त्या दांडीवरच प्रथम धरतो.