वंशावळ पाठवताय? मग कागदही पाठवा

भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून वंशावळीची पीडीएफ फिरते. मूळपुरुषापासून नऊ-दहा पिढ्या, सुबक चौकटी, खाली कुलस्वामिनीचा फोटो. आणि एकाही नावापुढे ते कुठून मिळालं याचा पत्ता नाही. अशी वंशावळ खुशाल देवघरात लावा, पण तिच्यावर पुढचं काम रचू नका. जात पडताळणीची वेळ आली की हीच मंडळी दाखले शोधत तहसीलच्या पायऱ्या झिजवतात.

मी वंशावळ नोंदवायला ग्रॅम्प्स हे सॉफ्टवेअर वापरतो. फुकट आहे, माहिती आपल्याच संगणकावर राहते. त्यात प्रत्येक जन्म, लग्न, मृत्यूला आधार जोडता येतो: कागद कुठे आहे, कोणता, कितवं पान, आणि त्यावर भरवसा किती. बहुतेक जण हे रकाने मोकळे सोडून वरच्या पिढीकडे पळतात. मग सॉफ्टवेअर कशाला हवं? चार्ट पेपर पुरे.

भरवसा अख्ख्या कागदावर टाकू नये, त्यातल्या एकेका नोंदीवर टाकावा. शाळा सोडल्याचा दाखला घ्या. वडिलांचं नाव, गाव ठीक. पण जन्मतारीख १ जून? आपल्याकडे या तारखेला जन्मलेले आजोबा घरोघरी आहेत, कारण नाव घालताना गुरुजींनी वय अंदाजानं धरलं. म्हणून एकाच दाखल्यातलं नाव मी 'जास्त' भरवशाचं लावतो आणि तारीख 'कमी'. कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीतली, नोंद त्या मानानं ताजी, पण तिथे बऱ्याचदा बापाचं नाव आणि पुढे नुसतं 'मुलगा'. चार भावांपैकी कोणता, हे दुसऱ्या कागदावरून ठरवायचं. ठरत नसेल तर चौकट रिकामी ठेवायची.

सगळ्यात घोळ नावांचा. नातवाला आजोबांचं नाव, तेही चुलत घरांत एकाच वेळी. गोविंद रामचा, राम गोविंदाचा, पुन्हा गोविंद रामचा. 'हे दोघे एकच असावेत' असं सॉफ्टवेअर सुचवतं, आणि उत्साही पुतण्या दोन्ही गोविंद एक करून टाकतो. गट नंबर, बायकोचं नाव, जन्माचं साल जुळल्याशिवाय त्या बटणाला हात लावू नये. दत्तक गेलेल्याला तर दोन्ही घरं दाखवा. 'दत्तक' असं नातं ग्रॅम्प्समध्ये निवडता येतं.

बायका छापील कुलवृत्तांतात शोधत बसू नका, जमिनीच्या कागदात शोधा. वारसाचा फेरफार आणि बहिणींनी दिलेलं हक्कसोडपत्र यांत लग्न झालेल्या मुली सासरच्या नावानिशी सापडतात. (हक्क सोडताना तेवढी त्यांची आठवण होते!) तीर्थोपाध्यायांच्या वह्याही बघा. त्र्यंबकला किंवा हरिद्वारला गेलेल्या पूर्वजानं आपल्या हातानं लिहिलेली नावं तिथे मिळू शकतात.

तारखांचं म्हणाल तर ग्रॅम्प्सच्या दिनदर्शिकांत शालिवाहन शक नाही. मूळ मिती मजकुरात जशीच्या तशी ठेवा, इसवी सन शेजारी. शकात ७८ मिळवायचे, पण जानेवारी लागल्यानंतरच्या पौष, माघ, फाल्गुनात ७९. दोन कागद दोन तारखा सांगत असतील तर दोन्ही ठेवा, आपापल्या आधारासह. शिवरायांच्या जन्माच्या शके १५४९ आणि शके १५५१ अशा दोन मित्यांवर किती वाद झाला! टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची घटनांची मितीवार जुनी टिपणं, छापली, आणि तिच्यातल्या फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ या नोंदीनं पारडं फिरलं. जुनी मिती कुणी खोडून टाकली असती तर तोलायला काय उरलं असतं?

आणि हयात माणसांच्या जन्मतारखा ग्रुपवर टाकू नका, कृपा करून.

आमच्या भावकीतले कुणी हे वाचत असतील तर जुने फेरफार, खासरा (जमिनीचं जुनं नोंदपत्रक), दाखले यांचे फोटो पाठवा. पूर्ण पान हवं. आपल्या नावापुरतं कापून पाठवू नका, वरचा नोंद क्रमांक आणि कोपऱ्यातला शिक्काही दिसू दे.