गोफण हे दुय्यम शस्त्र नव्हे: एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

काल्पनिक राज्ये, त्यांची सैन्ये आणि त्यांच्या लढाया रचणाऱ्या मराठी लेखकांमध्ये आणि खेळाडूंमध्ये सध्या एक मजकूर हातोहात पुढे जात आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: गोफण हे पाखरे हाकण्याचे साधन असून तिने माणूस मरत नाही, ज्या जगात धनुष्य आहे तेथे गोफणीला जागा नाही, चिलखतापुढे ती निरुपयोगी ठरते, दाटीत ती फिरवता येत नाही, ती कोणालाही चालवता येते, म्हणून कथेत ती गरिबाच्या किंवा नवशिक्याच्या हाती द्यावी, आणि दगड सगळीकडे पडलेलेच असल्यामुळे गोफणगुंड्यांच्या पुरवठ्याचा विचार करण्याचे कारण नाही. धुळे-जळगावकडील आम्ही काही जण तापीच्या खोऱ्यावर बेतलेले एक काल्पनिक राज्य रचत आहोत, आणि याच मजकुराच्या आधारे त्या राज्याच्या सैन्यातून गोफणकऱ्यांची तुकडी काढून टाकण्याचा आग्रह धरला गेला. हा मजकूर केवळ अपुरा नाही, तर त्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट उलटी मांडलेली आहे, असे माझे ठाम मत आहे. गोफण स्वस्त असते हे खरे. पण ती नेमकी चालवणारा माणूस कोणत्याही राज्याला महागच पडतो.

मजकुराबरोबर फिरणारे चित्र गोफणीचे नाहीच, ते रबर ताणून खडा मारायच्या बेचकीचे आहे. टिकाऊ रबर तयार करण्याची कृती एकोणिसाव्या शतकातली, १८४० च्या आसपासची. त्या चित्रावरून प्राचीन वळणाच्या कोणत्याही जगाविषयी काहीही सिद्ध होत नाही, एवढे सांगून मूळ मुद्द्यांकडे वळतो.

पहिल्या मुद्द्यासाठी मजकुराने खान्देशाचाच दाखला दिला आहे. रब्बीच्या ज्वारीत, म्हणजे दादरीत, दाणे भरू लागले की माळ्यावर उभा राहिलेला राखणदार दिवसभर गोफण फिरवतो, तरी संध्याकाळी शेतात एकही मेलेले पाखरू सापडत नाही, असे त्यात म्हटले आहे. निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. राखणदाराला पाखरू मारायचे नसते, थवा उठवायचा असतो. पुष्कळदा गोफणीच्या टोकाचा कडाडून होणारा आवाजच त्याला पुरतो. तो गोफणीत घालतो ते काळ्या मातीचे ढेकूळ, कारण त्याने धोंडा भिरकावला तर तो त्याच्याच उभ्या पिकात, नाहीतर शेजारच्या शेतात वाकलेल्या माणसांवर पडणार असतो. ढेकळाऐवजी त्याच गोफणीत नदीपात्रातला १०० ग्रॅमचा गुळगुळीत गोटा घातला आणि तो सेकंदाला ३० मीटर वेगाने सुटला, तर त्याची गतिज ऊर्जा ४५ जूल भरते. ३० ग्रॅमचा बाण सेकंदाला ५० मीटर वेगाने सुटला तर ती ३७.५ जूल भरते. ज्यांना हा हिशेब कोरडा वाटेल त्यांनी इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन वैद्यकलेखक सेल्सस याच्याकडे पाहावे. शरीरात रुतलेले बाण कसे काढावेत हे सांगताना तो शिशाचे गोळे आणि दगड कसे काढावेत हेही सांगतो. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील आयुधांच्या यादीत अश्मायुधांचा, म्हणजे दगडी शस्त्रांचा, स्वतंत्र वर्ग आहे, आणि त्यात यंत्रपाषाण (यंत्राने फेकायचा दगड) व मुष्टिपाषाण (हाताने फेकायचा दगड) यांच्या मधोमध गोष्पणपाषाण, म्हणजे गोफणीचा दगड, येतो. राजाच्या आयुधागाराच्या यादीत पाखरे हाकण्याचे साधन नोंदवले जात नाही.

धनुष्य आले की गोफण जाते, हा दुसरा दावा पुराव्याला धरून नाही. इ.स.पू. ७०१ मधील, यहूदा राज्यातील लाखीश या शहराच्या वेढ्याची जी शिल्पे अ‍ॅसिरियाच्या राजाने निनेव्हे येथील आपल्या राजवाड्यात कोरून घेतली, त्यांत धनुर्धारी पुढे आणि गोफणकरी त्यांच्या पाठीशी असे एकाच सैन्यात उभे आहेत. महाभारताच्या द्रोणपर्वात सात्यकीवर पर्वतीय योद्धे सोडताना दुःशासन त्यांना मुद्दाम चिथावतो, कारण पाषाणयुद्ध त्यांना अवगत आहे आणि सात्यकीला नाही असा त्याचा अंदाज असतो. धनुर्विद्येचा कळस असलेल्या त्या युद्धातही दगडांनी लढणाऱ्यांची तुकडी कवीला विसंगत वाटली नाही. सातपुड्यातील भिल्लांची ओळख तिरकामठा, तरी पिकाच्या राखणीला गोफण असतेच. दोन्ही एकत्र का टिकतात, याची कारणे व्यवहारी आहेत. गोफण एका हाताने चालते, त्यामुळे दुसऱ्या हातात ढाल राहू शकते. रोममधील ट्राजानच्या स्तंभावर, जो इ.स. ११३ मध्ये पूर्ण झाला, डाव्या हातावर ढाल आणि वस्त्राच्या ओच्यात दगड घेतलेला गोफणकरी कोरलेला आहे. शिंग आणि लाकूड सरेसाने जोडून केलेल्या धनुष्याला आषाढ-श्रावणातील दमट हवा मानवत नाही. अंबाडीच्या वाखाची गोफण भिजली तर जड होते, पण गुंडा सोडते. ज्या काल्पनिक राज्यात पावसाळ्यात नदीचे उतार, म्हणजे नदी ओलांडायच्या जागा, राखावे लागतात, तेथे धनुर्धाऱ्यांच्या जोडीला गोफणकरी असणे ही लेखकाची चूक नव्हे, शहाणपण आहे.

चिलखताविषयी मजकुरात अर्धे सत्य आहे. गोफणीचा गुंडा कड्यांचे चिलखत भेदत नाही. पण तो भेदण्यासाठी नसतोच. रोमन युद्धशास्त्रावर लिहिणारा व्हेजेशियस स्पष्ट सांगतो की शिरस्त्राण आणि चिलखत घातलेल्या सैनिकांनाही बाणांपेक्षा गोफणीच्या गोल दगडांचा उपद्रव अधिक होतो, कारण रक्ताचा थेंब न सांडता आणि अंग न फाटता आतली इजा जीव घेते. अंगभर पोलादी पत्रा घातलेल्या स्वारापुढे मात्र गोफण कमी पडते, हे मान्य केले पाहिजे. आपल्या जगात तसे पोलाद प्रत्येक शिपायाला परवडते का, हे लेखकाने आधी ठरवावे. आणि बंदूक येताच गोफण नाहीशी झाली असेही नाही. फ्रान्समधील साँसेर या गावाला १५७३ साली वेढा पडला तेव्हा आतल्या लोकांनी गोफणी इतक्या परिणामकारकपणे चालवल्या की त्यांना ‘साँसेरच्या बंदुका’ असे नावच पडले.

दाटीच्या मुद्द्यावर फार लिहिण्यासारखे नाही. डोक्याभोवती पाच-सहा फेरे घेऊन गोफण सोडावी लागते ही समजूत चित्रांमुळे रूढ झाली आहे. व्हेजेशियस एकाच फेऱ्यात गुंडा सोडण्याचा सराव करायला सांगतो. तरीही भालाइतांच्या फळीत खांद्याला खांदा लावून गोफण चालत नाही, म्हणून गोफणकऱ्यांना बगलेला, उंचवट्यावर किंवा तटावर, विरळ उभे करावे.

यानंतरचा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो कथेतील माणसांची किंमत चुकवतो. गोफण कोणालाही चालवता येते, असे मजकूर म्हणतो. फिरवता कोणालाही येते. नेम धरणे ही वेगळी गोष्ट आहे. हात आणि दोरी मिळून १.२ मीटर त्रिज्येचा फेरा धरला आणि गुंडा सेकंदाला ३० मीटर वेगाने सुटायचा असेल, तर त्या क्षणी गोफण सेकंदाला सुमारे १,४३० अंश या गतीने फिरत असते. बोटांतून दोरी सोडण्यात सेकंदाच्या शंभराव्या भागाची चूक झाली, तर दिशा १४ अंशांनी बिघडते, आणि ५० मीटरवर गुंडा १२ मीटर बाजूला किंवा भलत्याच उंचीवर जातो. ही चूक हजारो वेळा करूनच हात बसतो, आणि तो लहान वयात बसतो. बॅलेरिक बेटांवरील गोफणकरी भूमध्य समुद्राभोवतीच्या सैन्यांत पगारी म्हणून मागितले जात; तेथील आया खांबावर ठेवलेली भाकरी गोफणीने पाडल्याशिवाय मुलांना खाऊ देत नसत, असे प्राचीन लेखकांनी नोंदवले आहे. इ.स.पू. ४०१ मध्ये पर्शियातून माघार घेणाऱ्या ग्रीक सैन्याला शत्रूच्या गोफणकऱ्यांनी बेजार केले, तेव्हा त्या सैन्याचा एक सेनानी आणि या माघारीचा वृत्तांत लिहिणारा झेनोफन याने नवे गोफणकरी शिकवून तयार केले नाहीत, कारण ते शक्यच नव्हते. सैन्यात मुळात ऱ्होड्स बेटाचे लोक होते, त्यांना घरूनच ही विद्या येत होती. त्यांच्या गोफणींचे पैसे देऊन आणि त्यांना इतर कामांतून सवलत देऊन त्याने दोनशे जण उभे केले.

आमच्या खोऱ्यातील राज्यासाठी यातून एक पेच निर्माण होतो, आणि तो मला कोणत्याही तलवारीच्या द्वंद्वापेक्षा अधिक कथामय वाटतो. शेतकऱ्यांच्या राज्यात गोफणीचा हात तयार होतो तो राखणीवर, लहानपणापासून. मोहिमेचा हंगाम सुरू होतो दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर, आणि बाजरी पिकते दसऱ्याच्या आगेमागे, दादर हुरड्यावर येते ती पौषाच्या सुमाराला. म्हणजे राजाला गोफणकरी हवे असतात नेमके त्याच महिन्यांत, ज्या महिन्यांत शेताला ते हवे असतात. त्याने शंभर नेमबाज उचलले तर शंभर माळे ओस पडतात आणि राहिलेले पीक पाखरांच्या तोंडी जाते. न उचलले तर नदीचा उतार उघडा राहतो. त्याने मेंढपाळांना पगारी नेमावे तर त्यांचे कळप चराईला दूर गेलेले असतात, आणि परत आल्यावर ते पैशाऐवजी कुरणाचा हक्क मागतात. गोफण हे नवशिक्याचे स्वस्त शस्त्र म्हणून पटावर ठेवले की हा सगळा ताण कथेतून निघून जातो.

शेवटचा दावा दगडांचा. सातपुड्याच्या किंवा सातमाळ्याच्या पायथ्याशी दगड पडलेले आहेत, हे कोणीही सांगेल. पण तापीकाठची गाळाची काळी जमीन खोल आहे, आणि तेथे मुठीत मावणारा, गोल, एकसारख्या वजनाचा गोटा शोधायचा तर तापीच्या, गिरणेच्या किंवा पांझरेच्या पात्रात उतरावे लागते. प्रत्येक गुंड्याचे वजन वेगळे असले की प्रत्येक वेळी नेमही वेगळा धरावा लागतो, म्हणून गंभीर सैन्ये गुंडे वेचून, साठवून ठेवीत. इंग्लंडमधील मेडन कॅसल या प्राचीन डोंगरी कोटाच्या दाराजवळ २०,००० हून अधिक गोफणगोटे एका ठिकाणी रचलेले सापडले, आणि ते समुद्रकिनाऱ्यावरून वाहून आणलेले होते. जेथे दगड नाही तेथे माती कामी येते: सीरियातील हामुकार येथे सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचे मातीचे गुंडे हजारापेक्षा जास्त संख्येने मिळाले आहेत. पुरवठ्याचा हिशेबही करून पाहावा. शंभर गोफणकरी मिनिटाला पाच गुंडे या गतीने वीस मिनिटे लढले, तर दहा हजार गुंडे लागतात. ६० ग्रॅमचा एक धरला तरी ते ६०० किलो होतात, म्हणजे बैलगाड्या आल्या, त्यांची वाट आली आणि ती वाट तोडणारा शत्रूही आला.

शिसे आले की चित्र आणखी बदलते. शिसे बेसॉल्टच्या सुमारे चौपट जड असल्यामुळे तेवढ्याच वजनाच्या गोळ्याचा वाऱ्याला अडणारा पृष्ठभाग दगडाच्या मानाने अडीचपट कमी होतो. पर्शियन गोफणकरी मूठ भरेल एवढे मोठे दगड टाकीत, तर ऱ्होड्सवाल्यांचे शिशाचे गोळे त्यांच्या दुप्पट लांब जात, असे झेनोफन सांगतो. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे छावणीतल्या चुलीवर मातीच्या साच्यात गोळे ओतता येतात, आणि साच्यात अक्षरेही कोरता येतात, इ.स.पू. ४१-४० मध्ये इटलीतील पेरूजाच्या वेढ्यात दोन्ही बाजूंनी एकमेकांना शिव्या आणि सेनापतींची नावे कोरलेले गोळे मारले. दख्खनच्या वळणाच्या जगात शिसे परके ठरत नाही, कारण सातवाहनांनी शिशाची नाणी पाडली होती. म्हणून आमच्या राज्यातील गोफणकऱ्यांची तुकडी राहणार आहे. तिचे शिसे उत्तरेच्या डोंगरापलीकडील राज्यातून येते, आणि दसऱ्याआधी किती गाड्या खिंड उतरतील हे त्या राज्याशी झालेल्या तहाचे पहिले कलम आहे.