चार जीबीची पंगत

घरात एकालाच कॉम्प्युटरमधलं कळतं असा समज झाला की त्या माणसाला लग्नकार्यात धड जेवता येत नाही. मी तो माणूस. मठ्ठ्याच्या आधी प्रश्न वाढला जातो, "काय रे, वीसेक हजारांत बरा लॅपटॉप येईल ना?"

येतो. सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी, म्हणजे फाइली साठवायची स्वस्तातली चिप. पत्रं टाइप करा, मेल पाहा, नातवाचा ऑनलाइन क्लास लावा; कुरकुरत का होईना, करतो.

"चार जीबी पुरेल?" पंगतीतच बसलेलो असतो, त्यामुळे समजावणं सोपं जातं. रॅम म्हणजे चार पाट. विंडोज ११ हे व्याही. एकटेच अडीच पाट अडवून बसतात आणि त्यांना 'जरा सरका' म्हणायची सोय नाही. उरलेल्या दीड पाटावर येतं क्रोम, तेही लेकुरवाळं. प्रत्येक टॅबला वेगळं पान हवं. पाट संपले की विंडोज कुणाला तरी उठवून गच्चीवर पाठवतं, म्हणजे स्टोरेजवरच्या पेजफाइलमध्ये. गच्चीचा जिना अरुंद: ईएमएमसी सेकंदाला फार तर तीनेकशे एमबी वाचते, साधी एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे साठवणीचाच वेगवान प्रकार, दीड-दोन हजार सहज. लॅपटॉप 'अडकतो' तो या जिन्यात. आत्याला मात्र व्हायरसच हवा असतो.

"मग रॅम नंतर वाढवू की!" इथे माझी जिलेबी थंड होते. दुकानातल्या डेमोवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा आणि खाली 'फॉर्म फॅक्टर' वाचा. 'एसओडीआयएमएम', म्हणजे काढता-घालता येणारी रॅमची पट्टी, असेल तर आशा आहे. 'रो ऑफ चिप्स' असेल तर रॅम मदरबोर्डलाच झाळलेली. नंतर वाढवायचा विषय संपला. ईएमएमसीही तशीच झाळलेली असते, त्यामुळे एसएसडीसाठी वेगळा एम.२ स्लॉट, म्हणजे ती बसवायची खाच, आहे का हे आधीच विचारायचं. हे कुणी विचारत नाही. विचारतात, "बॅग फुकट आहे ना?"

घरी आणल्यावर फोन: "६४ चे ५८ च दिसतात, दुकानदाराने सहा जीबी खाल्ले." खाल्ले नाहीत हो काका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने, आणि थोडी जागा रिकव्हरीच्या कोठीत जाते. दुसरा फोन, काहीच इन्स्टॉल होत नाही. तो बहुधा विंडोजचा एस मोड; मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरच्या सॉफ्टवेअरला दारातूनच परत पाठवतो. सेटिंग्ज, सिस्टिम, अ‍ॅक्टिव्हेशन इथून फुकट बाहेर पडता येतं, पण एकदा बाहेर पडलं की परत आत नाही.

आणि कपाटात लग्नाची डीव्हीडी जपलेल्या प्रत्येक घराचा प्रश्न: "हिची खाच कुठाय?" नाही. यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह घ्यायचा, आणि विंडोज स्वतःहून डीव्हीडी दाखवत नाही म्हणून व्हीएलसी हा फुकटचा प्लेअर टाकायचा. एका थराची डीव्हीडी ४.७ जीबीची. विंडोज आणि त्याचे अपडेट जेवून उठल्यावर लॅपटॉपात लग्न मावतं. मुंज पेनड्राइव्हवर.