सल्फा वेगळं, सल्फाइट वेगळं

मुलांच्या ॲलर्जीवरच्या एका लेखात 'मुलांना सल्फरची ॲलर्जी' असं सरसकट म्हटलंय, ते खटकलं. सल्फर म्हणजे गंधक, ते आपल्या शरीरातल्या प्रथिनांतच असतं, त्याची कसली ॲलर्जी? सल्फा औषधं (जंतुसंसर्गावर देतात ती) वेगळी आणि पदार्थ टिकवायला घालतात ती सल्फाइट्स (पाकिटावर ई २२० ते २२८) वेगळी.

माझ्या मुलीला दमा आहे. सुकं जर्दाळू (त्यात बहुतेकदा सल्फाइट घातलेलं असतं) खाल्लं की थोड्याच वेळात छातीत घरघर. रक्ततपासणीत काहीच निघालं नाही. सल्फाइटसाठी खात्रीची रक्तचाचणी नाहीच. शेवटी रुग्णालयात डॉक्टरांसमोर सल्फाइट अगदी कणभर मात्रेपासून वाढवत दिलं, दर वेळी नळीत फुंकायला लावून श्वास मोजला, तेव्हा निदान झालं. घरी असलं काही करून बघू नका, प्लीज. आता पाकिटावरचे आकडे तीच आधी वाचते.