हमार्तिया: नेम चुकवण्याची अचूक पद्धत

रविवारच्या उपदेशाला विषय हवाय आणि तयारीला वेळ नाही? 'हमार्तिया' घ्या. पापाला हा जुना ग्रीक शब्द. फळ्यावर लिहा, क्षणभर थांबा, मग हवेत धनुष्य ताणून सांगा, ''मूळ अर्थ, नेम चुकणे!'' माना डोलतात. पापी कुणी उरतच नाही, सगळ्यांचा फक्त सराव कमी पडलेला असतो.

पुरावा मागितलाच तर ग्रीक महाकवी होमर. 'इलियड'च्या पाचव्या सर्गात ट्रॉयच्या बाजूचा धनुर्धर पांडारस ''लागला!'' म्हणून ओरडतो आणि ग्रीक योद्धा डायोमीडीस थंडपणे सुनावतो, ''चुकलास.'' क्रियापद याच कुळातलं. तेव्हा पांडारसने भाला फेकलेला असतो, बाण सोडलेला नसतो, हे मात्र बोलू नका. चौथ्या सर्गाचं तर नावच काढू नका. तिथे हाच गडी देवांच्या साक्षीने झालेला तह मोडून ग्रीक राजा मेनेलाओसवर बाण सोडतो. बाण लागतो, रक्त येतं, आणि अधर्म होतो तो नेमका इथे.

हिब्रूचा तडका हवा असेल तर बायबलच्या जुन्या करारातलं शास्ते 20:16. इस्राएलच्या बन्यामीन वंशाचे 700 डावखुरे, गोफणीने केसावर धोंडा मारला तरी न चुकणारे. हे 'चुकणं' हिब्रूत पापाच्याच धातूचं, टाळ्या हमखास. फक्त ही अचूक मंडळी जमली कशाला, हे कुणाला विचारू देऊ नका. एका बाईवर रात्रभर अत्याचार करणाऱ्या गिबा गावातल्या गुंडांना त्यांच्या वंशाने हवाली केलं नाही, म्हणून पेटलेली ही लढाई.

ॲरिस्टॉटल एका वाक्यात उरका. 'काव्यशास्त्रा'च्या 13व्या प्रकरणातली हमार्तिया म्हणजे नायकाचा स्वभावदोष, असं ठोकून द्या. तो तिथे दुष्टपणा वगळून घोडचुकीबद्दल बोलतो, पण परीक्षेत 'स्वभावदोष' लिहूनच मार्क मिळतात.

प्रेषित पौलापासून चार हात लांब राहा. त्याच्या रोमकरांस पत्रात हमार्तिया राज्य करते, माणसाला दास बनवते, वर वेतनही देते (6:23). तिथला वेतनाचा शब्द शिपायाच्या पगारालाही वापरत. हुकलेला बाण पगार वाटत नाही, त्यामुळे धनुष्याचा अभिनय इथे साफ फसतो.

शेवटी प्रभूची प्रार्थना लूकच्या शुभवर्तमानातली घ्या (11:4), तिथे 'हमार्तिया' आहे. मत्तयात त्याच जागी 'ऋण' येतं आणि लोकांना भलतंसलतं आठवू लागतं. लूकचंही वाक्य मात्र अर्ध्यावरच सोडा, कारण पुढच्या अर्ध्यात आपले ऋणी उभे आहेतच, आणि त्यांना आपण सोडतो, असं तिथे म्हणावं लागतं.