एका ओळीचे लेख आणि वाचनालयाची पायरी: एका प्रतिक्रियेला उत्तर

मराठी विकिपीडियावरचे एक-दोन ओळींचे लेख उडवू नयेत, राहू द्यावेत, असं मी मागं लिहिलं होतं. त्यावर पुण्याहून एका वाचकांची सणसणीत प्रतिक्रिया आली आहे. नाव दिलेलं नाही. म्हणणं असं: हे लेख म्हणजे भरताड, त्यांना संदर्भ नसतात, लेख नसला की दुवा लाल दिसतो आणि कुणीतरी लिहायला घेतं, एका ओळीनं तो निळा झाला की सगळ्यांना वाटतं काम झालं. आणि शेवटी, "तुम्हा लोकांनी संपादनांची संख्या वाढवण्यापेक्षा एकदा वाचनालयाची पायरी चढावी."

साहेब, टीका जरूर करा. पण 'तुम्हा लोकांनी' म्हणजे कुणी? सोलापूरकरांनी? मोबाईलवर लिहिणाऱ्यांनी? की आपल्याला न विचारता लिहिणाऱ्या सगळ्यांनीच?

पायरीचं सांगतो. माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर चादरी विणायचे. घरात छापील म्हणजे पंचांग आणि आमची शाळेची पुस्तकं. बाकी वाचलं ते वाचनालयात. श्री. व्यं. केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश पहिल्यांदा तिथंच हातात घेतला. संदर्भाचे खंड घरी देत नसत, म्हणून कपाटाला टेकून उभ्या उभ्या वहीत उतरवून घ्यायचो. ग्रंथपालांनी पंखा बंद करून किल्ल्या वाजवल्या की वाक्य अर्धं सोडून निघायचं. तर १९२०च्या दशकातल्या त्या ज्ञानकोशातसुद्धा कितीतरी गावं दोन-तीन ओळींत आटोपली आहेत. केतकरांनाही पायरी दाखवणार का आपण? (दाखवालही. पुणं आहे.)

इंग्रजी विकिपीडियावर २००२ साली रॅमबॉट नावाच्या बॉटनं (आपोआप संपादनं करणाऱ्या प्रोग्रॅमनं) जनगणनेच्या आकड्यांवरून अमेरिकेतल्या सुमारे ३०,००० गावा-शहरांचे लेख भराभर टाकले. तेव्हाही कुरकुर झालीच. पुढं माणसांनी त्यांतल्या कितीतरी लेखांत भर घातली.

संदर्भाचं मात्र मान्य. एक ओळ असली तरी संदर्भ हवाच. आणि 'हे सोलापूर जिल्ह्यातील एक गाव आहे' एवढं चिकटवून पुढच्या गावाला पळणाऱ्यांचा मलाही वैताग येतो. पण हत्तरसंग कुडलचं बघा. दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा-सीनेच्या संगमावर, शके ९४० म्हणजे इ.स. १०१८चा मराठी शिलालेख. एवढीच ओळ असली तरी वाचणारा रविवारी गाडी काढून तिकडं जातो. हे भरताड? खाली विस्ताराचा साचा, म्हणजे 'या लेखात भर घाला' ही तयार सूचना, लावून ठेवा. आज ना उद्या कुणी तिथल्या बहुमुखी लिंगाचा फोटो चढवील, कुणी मंदिराचं लिहील. आपणही लिहू शकता. तेवढ्या वेळात प्रतिक्रिया लिहिलीत, हा भाग वेगळा.

लाल-निळ्या दुव्यांचा मुद्दा तांत्रिक आहे. त्यावर पुन्हा कधीतरी. हे उत्तर आधीच लांबलंय.

पुढची प्रतिक्रियाही छापीन. फक्त नाव घालून पाठवा, आणि 'तुम्हा लोकांनी' तेवढं गाळा.